केस स्टडी

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माणसाचं काय काय गळतं? पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी एखाद-दुसरा विषय, तिसऱ्या वर्षी सकाळचं आठचं लेक्चर, आणि चारही वर्षं न चुकता केस! बाकीच्या गळतीबद्दल हॉस्टेलवर कुणी चकार शब्द काढत नाही. केसांबद्दल मात्र प्रत्येकाजवळ एक थिअरी असते आणि खिडकीत एक बाटली. आमच्या मजल्यावरच्या खिडक्या सहज बघत गेलो तर कांद्याचं तेल, रोझमेरीचं तेल, बायोटिनच्या गोळ्या, कुणाच्या तरी आजीने पाठवलेलं जास्वंदीचं तेल, आणि शेजारशेजारच्या दोन खोल्यांत एकाकडे भृंगराज तर दुसऱ्याकडे माका. (दोन्ही एकच वनस्पती आहे हे सांगितल्यावर दोघंही माझ्यावरच नाराज झाले.)

मला प्रश्न पडला तो एवढाच, की यातलं खरोखर चालतं काय? ‘माझ्या मामेभावाला फरक पडला’ हा पुरावा सोडून, मोजून, तुलना करून सिद्ध झालेलं काय आहे? सुट्टीत बसून जमेल तेवढे पेपर वाचले, एका स्किनच्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं (माझं त्यांनी तपासलं), आणि हाती लागलं ते इथे मांडतोय. सर लोकांनीही वाचायला हरकत नाही, काही भाग खास त्यांच्यासाठीच आहे.

आधी एक छोटंसं गणित. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं मूळ स्वतःच्या घड्याळावर चालतं. दोन ते सहा वर्षं वाढ, मग दोन-तीन आठवडे आवराआवर, मग सुमारे तीन महिने विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस पडतो आणि त्याच जागी नवा सुरू होतो. कुठल्याही क्षणी साधारण दहा टक्के केस विश्रांतीत असतात, म्हणजे दहा हजार. ते शंभरेक दिवसांत पडणार. दहा हजार भागिले शंभर, उत्तर रोजचे शंभर केस. तेव्हा बाथरूमच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला म्हणून लगेच घरी फोन लावू नका. पडलेला केस मोजून काहीच कळत नाही. त्याच्या जागी येणारा केस तेवढाच जाड आहे का, हा खरा प्रश्न आहे.

आता या एक लाख घड्याळांची फेज वेगवेगळी असते म्हणून आपल्या डोक्यावर कायम केस दिसतात. पण टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा उपाशी राहून झटपट वजन उतरवणं, असा काही धक्का बसला की पुष्कळशी मुळं एकदम विश्रांतीत जातात. सगळ्यांची फेज जुळते. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी काहीच होत नाही. केस पडतात ते दोन-तीन महिन्यांनी. कॉपी केलेलं असाइनमेंट जसं त्या दिवशी खपून जातं आणि ओरलला बाहेर येतं, तसं. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मुठी-मुठीने केस जातात, माणूस हादरतो, पण मुळं जिवंत असतात. कारण दूर झालं असेल तर बहुतेकांच्या बाबतीत सहा महिन्यांत हे आपोआप थांबतं आणि केस परत येतात.

‘आपोआप’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा, कारण तेलांचा सगळा धंदा या एका शब्दावर उभा आहे. विचार करा, माणूस बाटली विकत कधी घेतो? केसगळती अगदी कळसाला पोचल्यावर. कळसानंतर गळती कमीच होणार असते. दोन महिन्यांनी ती कमी होते, आणि श्रेय कुणाला? बाटलीला! त्याने पावसाळ्यात डेंग्यू झाल्यावर दिवाळीत कांद्याचं तेल लावलं, आणि संक्रांतीपर्यंत तो कांद्याचा प्रचारक झाला. तो खोटं बोलत नाहीये. त्याने डोळ्यांनी बघितलेलं खरंच आहे. फक्त त्याच्याजवळ दुसरं, तेल न लावलेलं, तसंच डोकं तुलनेला नव्हतं.

म्हणून औषधाच्या चाचणीत दोन गट लागतात. कुणाला खरं औषध आणि कुणाला हुबेहूब दिसणारं खोटं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, आणि शेवटपर्यंत ना रुग्णाला सांगायचं ना तपासणाऱ्याला. दोन गटांत जो फरक उरेल तो औषधाचा. आपण प्रॅक्टिकलला झीरो एरर काढतो, त्यातलाच प्रकार.

ही चाळणी घेऊन बघू लागलं की हॉस्टेलच्या थिअऱ्यांचं काय होतं?

पहिली आणि सर्वमान्य थिअरी म्हणजे बोअरचं पाणी. पाणी जड आहे, यात शंका नाही. आमच्या बादल्यांवरचे पांढरे थर साक्षीला आहेत. पण आपण जो केस विंचरतो तो मृत असतो. नखासारखाच. जिवंत कारखाना काही मिलिमीटर खाली, त्वचेच्या आत. क्षाराने केस राठ होईल, गुंतेल, कदाचित मधेच तुटेल. जड पाण्यातले आणि शुद्ध पाण्यातले केस ताणून त्यांची टेन्साइल स्ट्रेंग्थ मोजण्याचे प्रयोगही झालेत (मेकॅनिकलवाल्यांनी आनंद मानावा). एका प्रयोगात काही फरक दिसला नाही, दुसऱ्यात जड पाण्यातले केस कमजोर निघाले. पण दोन्ही प्रयोग केसाच्या दोरीबद्दल आहेत, मुळाबद्दल नाहीत. पाण्याने टक्कल पडत असतं तर मुलींच्या हॉस्टेललाही त्याच टाकीचं पाणी येतं.

तेलाचंही तसंच. खोबरेल तेलाबद्दल २००३ सालचा एक चांगला पेपर आहे, मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांचा (पॅराशूटवाली मॅरिको, हे लक्षात ठेवूनच वाचायचा). सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलच्या तुलनेत खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रोटीनची झीज कमी करतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे आजी बरोबर होती. केस तुटणं कमी होतं. पण नवा केस उगवतो, असं त्या पेपरमध्ये कुठेही म्हटलेलं नाही.

‘तुटणं’ आणि ‘गळणं’ यातला हा फरक जाहिरातवाल्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. पुढच्या वेळी शाम्पूच्या बाटलीवर ‘केसगळती ९० टक्क्यांहून अधिक कमी’ असलं काही दिसलं तर तिथे छोटी चांदणी शोधा. तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं: तुटण्यामुळे होणारी केसगळती. डेटाशीटच्या फुटनोट वाचायची सवय आपल्याला लावतात ती इथे कामाला येते. आपल्याकडच्या औषध नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे, ज्यावर इलाज असल्याचा दावा औषधाने करायचा नाही अशा आजारांची. त्यात टक्कल आणि नवीन केस उगवणं, दोन्ही आहे. चांदणी काही उगाच नसते.

मुंडण करून आलेले दोन वीर दरवर्षी आपल्यात असतात. ‘भादरले की दाट येतात.’ मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ साली पुरुषांची दाढी करून करून, कापलेले केस मोजून, हे तपासलं होतं. ना जाडी वाढली ना वेग. नवा खुंट बोथट असतो म्हणून राठ वाटतो, बस्स.

आता जरा गंभीर गोष्ट. कारण न शोधता उपाय करणं किती व्यर्थ असतं हे आपल्याच राज्यात नुकतंच दिसलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत, लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटली, मग हात लावला की केस हातात येऊ लागले, आणि तीन-चार दिवसांत चक्क टक्कल. यात आपल्या वयाची कॉलेजची मुलंमुलीही होती. आधी संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला, शाम्पूवरही गेला. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले, यांनीही स्वतंत्रपणे तपास केला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत त्यांना सेलेनियम प्रचंड वाढलेलं आढळलं, आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. अनेकांचे केस पुढे उगवूही लागले. त्या लोकांनी समजा भृंगराज लावलं असतं तर भृंगराजची केवढी कीर्ती झाली असती!

आणि विनोद असा की ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत सेलेनियम असतं. थोडं शरीराला लागतं, जास्त झालं तर तेच केस पाडतं. व्हिटॅमिन एचंही तसंच. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि गोळ्या येतात १०,००० च्या. वर ती रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडेच बिघडवते, हार्ट अटॅक ओळखण्यासाठीच्या ट्रोपोनिनचासुद्धा. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. रक्त द्यायला जाताना लॅबमध्ये सांगा तरी.

इथवर झालं ते तात्पुरत्या गळतीचं. पण आपल्यातल्या ज्या मुलांचे कपाळाचे दोन्ही कोपरे आत चाललेत किंवा मागे भोवऱ्याजवळ त्वचा दिसू लागली आहे, त्यांचं प्रकरण वेगळं. माझं याच फायलीत आहे, बारावीपासून. इथे केस मुठीने जात नाहीत. प्रत्येक फेरीत येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड होत जातो, शेवटी लव उरते. आणि ही गळती आपोआप थांबत नाही. म्हणून इथे वाट बघण्यात खरं नुकसान आहे.

याचं कारण कसं सापडलं ती हकीगत मला सगळ्यात आवडली. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४२ साली अशा पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला ज्यांचे वृषण काही कारणाने काढलेले किंवा निकामी होते. वयात येण्याआधी हे झालेल्यांना टक्कल पडलंच नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे दोन अटी, हॉर्मोन हवं आणि घराण्याचा वारसाही हवा. एक नसेल तर दुसऱ्याचं काही चालत नाही. आमच्या भाषेत सरळ अँड गेट!

(वारसा आईच्या वडिलांकडून येतो, हे अर्धं खरं. हॉर्मोनला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, तो मुलाला आईकडूनच मिळतो. पण २०१७ साली ब्रिटनमधल्या ५२ हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी संबंधित २८७ जागा सापडल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा एक्सवर नाहीत. तेव्हा आजोबांचा फोटो बघून निकाल लावू नका, बाबांचाही बघा.)

पुढचा धागा सापडला तो कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये. तिथल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुली समजली जात आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली ‘सायन्स’मध्ये कारण मांडलं: या लोकांत टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या जास्त जहाल हॉर्मोनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइमच कमी होतं. मोठेपणी त्यांचं प्रोस्टेट लहानच राहत होतं, आणि कपाळावरची केसांची रेषा जागेवर. मग ते एन्झाइम गोळीनेच अडवलं तर? मर्क कंपनीने तेच केलं. फिनास्टेराइड. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी आली प्रोस्टेटच्या वाढीसाठी, १९९७ च्या अखेरीस १ मिलिग्रॅमची आली टकलासाठी.

तिची मोठी चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. १८ ते ४१ वयाचे १५५३ पुरुष, अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी. भोवऱ्याजवळ एक इंच व्यासाचं वर्तुळ आखून, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं, त्यातले केस मोजले. सुरुवातीला सरासरी ८७६ होते. दोन गटांतला फरक एका वर्षानंतर १०७ केसांचा आणि दोन वर्षांनंतर १३८ चा झाला. म्हणजे साधारण बारा टक्के आणि मग सोळा टक्के. जाहिरातीतला घनदाट जंगल छाप निकाल हा नव्हे. पण फरक वाढला याचं एक कारण असं की खोटी गोळी घेणाऱ्यांचे केस कमी होत राहिले. औषधाचं मुख्य काम आहे ते टिकवण्याचं. गेलेलं परत आणण्यात ते उणं पडतं, आणि म्हणून लवकर दाखवायला सांगतात.

किंमत? पैशाची फार नाही, जेनेरिक मिळते. दुसरी किंमत आहे. चाचण्यांत लैंगिक तक्रारी (इच्छा कमी होणं वगैरे) खऱ्या गोळीवर ३.८ टक्के आणि खोट्या गोळीवर २.१ टक्के पुरुषांनी सांगितल्या. बहुतेकांच्या त्या गोळी बंद केल्यावर गेल्या. काहींनी मात्र बंद केल्यावरही राहिल्याचं नोंदवलं आहे. मे २०२५ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं नक्की केलं, प्रमाण सांगता येत नसलं तरी. हे मी घाबरवायला लिहीत नाही. पण ज्याचा मूड आधीच खाली आहे, ज्याला सेमिस्टर झेपत नाहीये, त्याने ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे. रूममेटच्या पाकिटातून एक गोळी उचलून सुरू करायचं हे औषध नाही. शिवाय ती घेत असाल तर शेवटच्या गोळीनंतर किमान महिनाभर रक्तदान करायचं नसतं, कारण ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याला धोका. एनएसएसच्या शिबिरात फॉर्म भरताना लाजू नका. आणि पन्नाशीच्या सरांसाठी: ही गोळी प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा जवळजवळ निम्मा दाखवते. तपासणाऱ्या डॉक्टरांना माहीत हवं.

दुसरं सिद्ध झालेलं औषध मिनॉक्सिडिल, आणि ते निव्वळ अपघाताने मिळालं. १९७९ पासून ती ब्लड प्रेशरची गोळी होती. बीपी उतरायचं खरं, पण रुग्णांच्या कपाळावर, पाठीवर, हातांवर केस उगवू लागले. अपजॉन कंपनीने बगला तर्क लढवला, तिला फीचर केलं, आणि १९८८ मध्ये डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण आलं. पुढे ५ टक्क्यांचं. २००२ च्या एका चाचणीत ३९३ पुरुषांवर ४८ आठवडे तुलना झाली, त्यात ५ टक्केवाल्याने २ टक्क्यांपेक्षा ४५ टक्के जास्त केस आणले आणि दोन्ही खोट्या द्रावणापेक्षा सरस ठरली.

मी हे लावतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुरुषांनी ५ टक्क्यांचं एक मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. केसांना नाही, टाळूला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर केस आणखी गळतात! इथेच निम्मी मुलं बाटली फेकून देतात. खरं म्हणजे विश्रांतीतले केस नव्यांना जागा देत असतात. थोड्या आठवड्यांत ते थांबतं. परिणाम दिसायला चार महिने तरी लागतात, आणि सोडलं तर तीन ते सहा महिन्यांत मिळवलेलं जातं. म्हणजे ही सबस्क्रिप्शन आहे. काहींना खाज येते, ती बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे. छातीत धडधड किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना गाठायचं. आणि मांजराला हे औषध विषारी आहे, अगदी थोडंसं चाटलं तरी. आपल्या मेसची मांजर कुणाच्याही उशीवर झोपते, तेव्हा रात्री लावणाऱ्यांनी दार लावून घ्या.

गोळीचं मी अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही बाजू समजावल्या, घाई केली नाही. मला ते आवडलं.

उरलेल्या उपायांबद्दल थोडक्यात. रोझमेरीचं नाव झालं ते २०१५ च्या इराणमधल्या चाचणीमुळे. शंभर पुरुष, सहा महिने, रोझमेरी विरुद्ध २ टक्के मिनॉक्सिडिल, दोन्ही सारखेच निघाले. पण खोट्या औषधाचा गटच नव्हता, आणि दोन्हीकडची वाढ इतकी किरकोळ की ‘दोघेही पास’ की ‘दोघेही नापास’ हे सांगता येऊ नये. कांद्याच्या रसाचा पेपर २००२ चा, बगदादचा, छोटा. आणि तो टकलावर नाहीच, चाईवर आहे. (चाई हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना कुठून माहीत असणार? मेसच्या मावशींनी शिकवला. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो ती.) चाई म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. ती कित्येकदा आपोआप भरून येते. गंभीर असेल तर तिच्यासाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिब नावाची वेगळीच गोळी मान्य आहे. कोंड्याचा किटोकोनॅझोल शाम्पू कोंड्याला उत्तम, केसांना थोडा उपयोग असू शकेल, पुरावा बारीक. पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त फिरवून टाळूत टोचणं, काही चाचण्यांत चाललं, काहींत नाही, आणि प्रत्येक जण ते वेगळ्या पद्धतीने बनवतो. महाग आहे. केशरोपणात मागचे केस पुढे लावतात. मागच्या मुळांना डीएचटी फारसं बाधत नाही, म्हणून ती टिकतात. पण ती शस्त्रक्रिया आहे, आणि विशीत केली तर लावलेल्या केसांमागचे मूळचे केस पुढे जात राहतात. मधे बेट उरतं.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने शहरातल्या एका क्लिनिकमध्ये ‘पॅकेज’ घेतलं. कागदांवर सिटिंग किती, हप्ता किती, सगळं छापलेलं. निदान आणि औषधाचं नाव मात्र कुठेच नाही. तपासलं ते काउन्सेलरने, डॉक्टर दिसलेच नाहीत. हप्ता त्याच्या मेसच्या बिलाएवढा. म्हणून त्याने रात्रीची मेस बंद केली आणि टपरीवरच्या वडापाववर दिवस काढले, चार महिन्यांत सहा किलो उतरला, आणि मग केस आणखी गळायला लागले. वर लिहिलंय ना, उपाशी राहिल्याने काय होतं? केस वाचवण्याच्या हप्त्यासाठी तो केस पाडत होता. सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत केसपेपर निघतो आणि तपासणारा माणूस एमडी असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलींचं थोडं वेगळं आहे. त्यांच्यात कोपरे आत जात नाहीत, भांग रुंदावतो. आणि केसांआधी रक्त बघावं लागतं: हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची तपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के ॲनिमिक निघाल्या होत्या, तेव्हा हॉस्टेलमधल्या प्रत्येक दुसरीने तपासून घ्यायला काहीच हरकत नाही. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, तो तासभर पुढे ढकला. मिनॉक्सिडिल मुलींनाही चालतं, पण कमी प्रमाणात आणि कपाळावर ओघळू न देता, नाहीतर तिथेही लव येते. फिनास्टेराइड मात्र मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी नाही. गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही.

शेवटी मोजायचं कसं? केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे रोज आरशात बघून कळत काहीच नाही, फक्त लेक्चर चुकतं. महिन्यातून एकदा, त्याच ट्यूबलाइटखाली, कोरड्या केसांचा, रूममेटकडून दोन फोटो काढून घ्या, एक समोरून आणि एक भोवऱ्याचा. सहा महिने झाले की पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा, आणि तुमच्या बाटलीचं नाव न सांगता तिसऱ्या कुणाला तरी विचारा, कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा. त्याला सांगता आलं नाही, तर बाटलीचे पैसे मेसला द्या.